ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळणारा भाचा सुट्टीत परभणीला येतो आहे. त्याची तयारी कशी टिकवावी?

प्रश्न: दुधनाकाठ (परभणी)

माझी धाकटी बहीण आणि दाजी बऱ्याच वर्षांपासून मेलबर्नच्या पश्चिमेकडील टार्नीट या उपनगरात राहतात. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, सतरा वर्षांचा असून तिकडचा फुटबॉल खेळतो. ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मैदान लंबगोल असते, चेंडूही लंबगोल असतो आणि प्रत्येक बाजूचे अठरा खेळाडू मैदानात उतरतात. चेंडू पायाने मारून किंवा मुठीने ठोसून पुढे द्यायचा असतो, फेकलेला चालत नाही, आणि चेंडू घेऊन पळायचे असेल तर साधारण दर पंधरा मीटरला तो जमिनीवर आपटून पुन्हा धरावा लागतो. मधल्या दोन उंच खांबांमधून मारला तर सहा गुण मिळतात, बाजूने गेला तर एक. वीस वीस मिनिटांची चार सत्रे असतात. परंतु चेंडू खेळाबाहेर गेला की घड्याळ थांबवतात, त्यामुळे मोठ्या सामन्यांत एकेक सत्र अर्ध्या तासाच्या घरात जाते.

भाच्याची यंदा अठरा वर्षांखालील मुलांच्या टॅलेंट लीगमध्ये त्याच्या विभागाच्या पूर्वतयारी गटात निवड झाली आहे. पुढच्या नोव्हेंबरात होणाऱ्या एएफएलच्या (म्हणजे या खेळाच्या तिकडच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या) राष्ट्रीय ड्राफ्टसाठी, म्हणजे क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीसाठी, तो वयाने पात्र ठरेल. हंगाम संपल्यावर प्रशिक्षकांनी त्याला समोर बसवून दोन गोष्टी सांगितल्या. शेवटच्या सत्रात त्याचा दम संपतो आणि चेंडू आपल्या गोलच्या दिशेने गेला की तो मागे परतताना धावायचे सोडून चालू लागतो, ही पहिली. दुसरी अशी की, सरावाच्या दिवशी तो चोख असतो, परंतु ज्या दिवशी कोणी पाहत नाही त्या दिवशी झोप, जेवण, व्यायाम आणि त्यांच्या नोंदी यांत मेळ नसतो, आणि वरच्या पातळीवर जायचे असेल तर हेच आधी सुधारावे लागेल.

आता अडचण अशी आहे की, डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत बहीण मुलाला घेऊन परभणीला येत आहे. क्लबने मोबाइलवर आठवड्याचा आराखडा दिला आहे: तीन दिवस धावणे, दोन दिवस वजने, अधूनमधून चेंडू मारण्याचा सराव. इकडे मात्र त्याच काळात हुरड्याचे दिवस, शेतातली वेळ अमावास्या, घरातली दोन लग्ने आणि नातवाला पाहून हरखलेली आजी. आई माळकरी असल्यामुळे घरात अंडेसुद्धा येत नाही. धावण्यासाठी मैदान कोणते निवडावे, खाण्याचे काय करावे, आणि मामा या नात्याने मी किती मागे लागावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. ओळखीच्या एका व्यायामशाळेच्या चालकांनी आत्ताच दोन प्रकारच्या पावडरी सुचवल्या आहेत. त्याबद्दलही मत हवे आहे.

प्रतिसाद: मांजराकाठ (लातूर)

दादा, मी निवृत्तीला आलेला क्रीडाशिक्षक आहे. हा खेळ मी केवळ पडद्यावर पाहिलेला आहे, तरीही जे दिसले त्यावरून सांगतो की या मुलांना धक्का सोसणारे अंग लागते. उंच उडी मारून चेंडू झेलताना पाठीमागून गुडघा बसतो, आणि चेंडू हातात असलेल्याला कंबरेला विळखा घालून खाली पाडतात. यासाठी आपल्या तालमीइतकी उत्तम जागा नाही. मल्ल हरिश्चंद्र बिराजदार ज्या मातीत घडले त्या लातूर जिल्ह्याचा मी असल्यामुळे माझा कल तिकडे जाणार, हे गृहीत धरावे. परंतु जोर, बैठका, दोरावर चढणे आणि आखाड्यातली खडाखडी यांनी मान, खांदे व कंबर ज्या रीतीने बांधली जाते ती यंत्रांवर बांधली जात नाही. सुट्टी चांगली सहा आठवड्यांची आहे. रोज पहाटे वस्तादांच्या नजरेखाली दोनशे जोर आणि चारशे बैठका काढल्या, वर दूध-बदाम घेतले, तर मुलगा परत जाताना वेगळाच दिसेल.

दमासाठी त्याला जिल्हा क्रीडा संकुलावर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांबरोबर सोडावे. त्या मुलांची सोळाशे मीटरची तयारी कडक असते, आणि परदेशातून आलेल्या मुलाला आपल्याकडची पोरे कशासाठी पहाटे चारला उठून धावतात हेही कळेल.

प्रतिसाद: गोदाकाठ (नांदेड)

मी फिजिओथेरपिस्ट आहे. शिक्षणानंतर काही हंगाम मेलबर्नमधल्या स्थानिक क्लबांबरोबर काम केले, त्यामुळे हा खेळ बाजूच्या रेषेवर उभे राहून पाहिला आहे. मांजराकाठ सरांचा तालमीबद्दलचा जिव्हाळा मला समजतो, परंतु त्यांच्या सल्ल्यातील संख्येशी मी सहमत नाही, आणि त्याचे कारण सविस्तर सांगणे आवश्यक वाटते.

या खेळातील मधल्या फळीचा खेळाडू एका सामन्यात बारा ते पंधरा किलोमीटर धावतो. मात्र ते अंतर एका लयीत कापले जात नाही. काही पावले चालणे, एकदम वीस मीटरची झेप, अंगावर अंग आदळणे, जमिनीवर पडून उठणे, लगेच विरुद्ध दिशेला ऐंशी मीटर पळणे, आणि श्वास बसण्याआधी पुन्हा तेच. मैदानाचे माप ठरलेले नसते. लांबी १३५ ते १८५ मीटर आणि रुंदी ११० ते १५५ मीटर यांच्या दरम्यान कितीही चालते. खेळाडू आळीपाळीने बाहेर बसवता येतात, परंतु २०२१ पासून एएफएलमध्ये संपूर्ण सामन्यात एका संघाला ७५ बदलांचीच मर्यादा आहे. त्याआधी ती ९० होती. म्हणजे थकला की बाहेर बसवले, ही सोय कमी होत गेली आहे आणि शेवटच्या सत्रात पाय चालतात की नाही यावर निवडणाऱ्यांची नजर अधिक राहते. भाच्याच्या प्रशिक्षकांनी चालत मागे येण्याचा उल्लेख केला आहे तो याच अर्थाने. चेंडूपाशी पोहोचण्यासाठी सगळेच धावतात. चेंडू गेल्यावर कोण धावतो ते कागदावर टिपले जाते. खांद्यांच्या मध्ये पाठीवर बसवलेले जीपीएस यंत्र तेही मोजते.

आता जोर-बैठकांबद्दल. बैठक हा वाईट व्यायाम नाही. परंतु ज्या मुलाने कधी चारशे बैठका काढलेल्या नाहीत त्याने पहिल्याच आठवड्यात त्या काढल्या, तर मांड्या भरून येतील, त्या अवस्थेत तो धावेल, आणि मांडीच्या मागच्या स्नायूला म्हणजे हॅमस्ट्रिंगला ओढ बसेल. एएफएलमध्ये १९९२ पासून दरवर्षी दुखापतींची पाहणी केली जाते आणि सर्वाधिक आढळणारी दुखापत वर्षानुवर्षे हीच राहिली आहे. एकदा ती झाली की पुन्हा होण्याची शक्यता वाढते. ड्राफ्टच्या वर्षात जानेवारीत हॅमस्ट्रिंग धरलेला मुलगा मार्चपर्यंत बाकीच्यांच्या मागे राहतो. शरीराला काम जास्त होते म्हणून दुखापत होते असे सरसकट म्हणता येत नाही. कालपर्यंत जेवढे काम होते त्यापेक्षा ते आज एकाएकी किती वाढले, याला अधिक महत्त्व असते. म्हणून या सहा आठवड्यांत त्याला वेगळाच बनवून पाठवण्याचा विचार सोडून द्यावा. क्लबने त्याला जेथे आणून ठेवले आहे तेथून तो घसरू नये आणि आराखड्यात दिलेली हळूहळू होणारी वाढ चुकू नये, एवढे साधले तरी भरपूर आहे.

हॅमस्ट्रिंगसाठी एक व्यायाम अवश्य करावा. गुडघ्यांवर उभे राहायचे, कोणीतरी मागून दोन्ही घोटे घट्ट दाबून धरायचे, आणि कंबर न वाकवता शरीर जितके सावकाश पुढे झुकवता येईल तितके झुकवत न्यायचे. शेवटी हातांवर पडून घ्यायचे. नॉर्डिक या नावाने तो प्रसिद्ध आहे. नियमित केल्यास हॅमस्ट्रिंगच्या दुखापती सुमारे निम्म्याने कमी होतात, असे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. आठवड्यातून दोनदा, पाच-सहा वेळा, दोन फेऱ्या पुरेत. घोटे धरायला मामा आहेतच. शिवाय आठवड्यातून एकदा पूर्ण अंग तापवून तीस-चाळीस मीटरच्या चार-सहा धावा जवळजवळ पूर्ण वेगाने घ्याव्यात. दुखापतीच्या भीतीने वेगात धावणेच बंद केले तर सहा आठवड्यांनी पहिल्या सरावातच स्नायू दगा देतो.

मैदानाबद्दल माझे मत असे आहे. आपल्या काळ्या मातीची शाळांची मैदाने डिसेंबरात वाळून दगडासारखी होतात आणि त्यांना भेगा पडतात. घोटा मुरगळायला एक भेग पुरते. रोज डांबरी रस्त्यावर धावल्याने नडगीची हाडे दुखू लागतात. त्यामुळे लांबचे सावकाश धावणे कृषी विद्यापीठाच्या परिसरातल्या कडेच्या मातीच्या वाटांवर आणि वेगाचे धावणे क्रीडा संकुलाच्या धावपट्टीवर, अशी विभागणी करावी. चेंडू मारण्याचा सराव करताना मैदान आधी पायाखालून घालावे, काचा आणि खड्डे पाहावेत. या खेळातली लाथ दूरवर जाते, त्यामुळे सुट्टीत गंमत म्हणून चुलत भावंडांना दाखवताना मुले शेकड्याने लाथा मारतात आणि मांडीच्या पुढचा स्नायू किंवा जांघ दुखावून घेतात. लाथांची संख्या आराखड्यात दिलेलीच असावी. परभणीत चेंडू शोधत फिरू नये. त्याने स्वतःचा चेंडू हवा काढून सामानात आणावा आणि पंप व सुई विसरू नये.

भरतीच्या मुलांबरोबर धावण्यास माझी हरकत नाही, उलट ती कल्पना मला आवडली. शिपाई भरतीत मुलांना सोळाशे मीटरसाठी पूर्ण २० गुण हवे असतील तर ५ मिनिटे १० सेकंदांत यावे लागते. एएफएलच्या ड्राफ्टपूर्व चाचण्यांत २ किलोमीटरची धाव असते. सहा मिनिटांच्या आसपास येणारी मुले तिथे आघाडीवर मानली जातात. म्हणजे चारशे मीटरच्या पाच फेऱ्या, प्रत्येकी ७२ सेकंदांत. सात मिनिटांत यायचे असेल तर प्रत्येक फेरीला ८४ सेकंद मिळतात. आपली चांगली भरतीची मुले या दोन्हींच्या मध्ये कोठेतरी बसतात, त्यामुळे सोबत उत्तम मिळेल. अट इतकीच की ती मुले रोज तेच अंतर त्याच वेगाने धावतात. याने मात्र आठवड्यातून एक दिवस त्यांच्याबरोबर धावावे, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या आराखड्याप्रमाणे पंधरा सेकंद जोरात, पंधरा सेकंद सावकाश अशा आखूड धावा घ्याव्यात, जरी बाजूची मुले हसली तरी.

प्रतिसाद: मांजराकाठ (लातूर)

ताईंचे म्हणणे पटण्यासारखे आहे. बैठकांची संख्या मी माझ्या तालमीतल्या मुलांच्या अंदाजाने लिहिली होती. ती मुले दहाव्या वर्षापासून काढत आलेली असतात. तरीसुद्धा खडाखडीबद्दलचे माझे मत कायम आहे. आठवड्यातून एखाद्या दिवशी, वस्ताद समोर असताना, नुसते हात बांधून एकमेकांना ढकलणे आणि पाय रोवून उभे राहणे याने सहा आठवड्यांत काही बिघडत नाही. डाव टाकून पाडणे तेवढे टाळावे.

प्रतिसाद: तेरणाकाठ (धाराशिव)

येथे कोणी खो-खोचे नाव घेतले नाही याचे आश्चर्य वाटते. अर्जुन पुरस्कार मिळवणारी सारिका काळे आमच्या जिल्ह्याची, आणि धावता धावता क्षणात दिशा बदलण्याचे जे शिक्षण या खेळात मिळते ते दुसरीकडे मिळणे कठीण. भाच्याला एखाद्या संध्याकाळी बचाव करणाऱ्यांच्या बाजूने उभे करावे. खांबाला वळसा घालताना बाहेरचा पाय कोठे पडतो, कंबर किती खाली येते, हे त्याला आमची चौदा वर्षांची मुलगी दाखवेल. त्याच्या खेळातही चेंडू घेऊन दोन जणांच्या मधून निसटताना हेच लागत असणार. सूर मारणे मात्र त्याने करू नये. त्याची सवय नसलेल्या मोठ्या अंगाच्या मुलाचा खांदा किंवा मनगट त्यात जाते.

प्रतिसाद: बालाघाट (मूळचा बीड जिल्हा, सध्या मेलबर्न)

माझा मोठा मुलगा तीन वर्षांपूर्वी याच लीगमधून खेळला. ड्राफ्टमध्ये त्याचे नाव आले नाही. आता तो विद्यापीठात शिकतो आणि उपनगरातल्या क्लबकडून आनंदाने खेळतो. त्यामुळे माझा अनुभव यशाचा नाही, परंतु ही व्यवस्था आतून पाहिलेल्या पालकाचा आहे. धावण्याबद्दल गोदाकाठ ताईंनी लिहिल्यानंतर मी भर घालण्यासारखे काही नाही. प्रशिक्षकांनी सांगितलेल्या दुसऱ्या गोष्टीबद्दल मात्र लिहितो, कारण आपल्या घरांमध्ये तीच चुकीच्या रीतीने हाताळली जाते.

आपल्याकडे शिस्त म्हणजे वडीलधाऱ्यांनी लावायची गोष्ट, असे आपण धरून चालतो. मामा पहाटे उठवतील, आजी दूध देईल, बाबा गाडीने सोडतील. क्लबला नेमके याच्या उलट हवे असते. ड्राफ्टच्या वर्षात एएफएल क्लबांचे लोक मुलाखती घेतात आणि शाळेतले शिक्षक, विभागाचे प्रशिक्षक यांच्याकडेही चौकशी करतात. त्यांना हे पाहायचे असते की अठराव्या वर्षी दुसऱ्या राज्यातल्या शहरात एकटा राहायला गेला तर हा मुलगा स्वतःचे स्वतः चालवील का. ड्राफ्टमध्ये मेलबर्नच्या मुलाला पर्थ किंवा ब्रिस्बेनचा क्लबही निवडू शकतो आणि तेथे बहुधा दुसरे कुटुंब त्याला सांभाळते, आई नसते. म्हणून दुधनाकाठ दादा, आपण त्याला एकदाही उठवू नये, अशी माझी विनंती आहे. गजर त्याचा, बूट त्याचे, मैदानावर जाण्याची वेळ त्याने आदल्या रात्री सांगायची. आपण फक्त दुचाकीची किल्ली तयार ठेवावी. तो उठला नाही तर नोंदवहीत त्या दिवशी शून्य लिहिले जाईल आणि ते शून्य त्याचे त्याला प्रशिक्षकांना दाखवावे लागेल.

नोंदवही कशी असावी याचा नमुना देतो. आमच्याकडे एका ओळीत पाच गोष्टी असत: झोपेचे तास, सकाळचे वजन, कोठे दुखते, काय व्यायाम केला, आणि तो दहापैकी किती जड गेला. शेवटचा आकडा मिनिटांनी गुणायचा. साठ मिनिटांचा सराव आणि जडपणा सहा, म्हणजे त्या दिवसाचा भार ३६०. आठवड्याची बेरीज करायची आणि मागच्या आठवड्याशी ताडून पाहायची. लग्नाच्या दिवशी रात्री दोनला झोपला असेल तर तेही लिहायचे. आमच्या चिरंजीवांनी सुरुवातीला रोज आठ तास झोप असे एकाच शाईत आठवडाभराचे एकदम भरून टाकले होते आणि प्रशिक्षकांनी ते पाहताक्षणी ओळखले. खोटी पूर्ण वही नेण्यापेक्षा रिकामे रकाने असलेली खरी वही न्यावी.

उदाहरण द्यायचे झाले तर कॉलिंगवुड या एएफएल क्लबच्या डेन स्वानचे देतो. २००१ च्या ड्राफ्टमध्ये तो ५८ व्या क्रमांकावर निवडला गेला, आणि सुरुवातीच्या वर्षांत खेळापेक्षा मैदानाबाहेरच्या वागण्यामुळेच त्याचे नाव जास्त चर्चेत असे. पुढे त्याच क्लबमध्ये तो मधल्या फळीचा अत्यंत चिवट धावपटू झाला, २०१० मध्ये विजेतेपद मिळवणाऱ्या संघात होता आणि २०११ मध्ये त्याने हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचे ब्राउनलो पदक मिळवले. दुसरे नाव जिम स्टाइन्सचे. हा आयर्लंडचा मुलगा अठराव्या वर्षी मेलबर्न क्लबमध्ये आला तेव्हा त्याने गेलिक फुटबॉलचा गोल चेंडू हाताळलेला होता, लंबगोल नव्हे. १९८७ च्या उपांत्य फेरीच्या निर्णायक सामन्यात शेवटच्या क्षणी तो नकळत, लाथ मारायला उभा असलेला प्रतिस्पर्धी आणि त्याच्यासमोर खुणेवर उभा असलेला खेळाडू यांच्या मधून धावला, पंचांनी पंधरा मीटरचा दंड दिला, आणि हॉथॉर्नच्या खेळाडूने त्या जवळ आलेल्या लाथेवर सामना जिंकला. अशा चुकीनंतर मुले खेळ सोडतात. स्टाइन्सने १९९१ मध्ये ब्राउनलो पदक मिळवले आणि सलग २४४ सामने खेळण्याचा विक्रम केला. सलग २४४ सामने म्हणजे अकरा-बारा वर्षे एकही सामना न चुकवणे. भाच्याला नेमका हाच भाग वाचायला द्यावा असे मला वाटते.

आपल्या माणसांपैकी अविनाश साबळे आहेच. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा मुलगा बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनला राहिला, आणि स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे ओलांडत धावण्याच्या लांब शर्यतीकडे, वळला तो विशी ओलांडल्यावर. २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्याने ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. सतराव्या वर्षी जो दम दिसत नाही तो पुढे येणारच नाही असे समजण्याचे कारण नाही, आणि हे बहिणीला व दाजींनाही सांगावे. ड्राफ्टमध्ये नाव आले नाही म्हणजे मुलगा वाया गेला, असे घरातल्या बोलण्यात एकदाही येऊ देऊ नका. बारावीचा अभ्यास सुट्टीत रोज थोडा चालू राहिला तर त्याचाही ताण कमी राहील.

पावडरींबद्दल मी कठोर आहे. २०१२ च्या हंगामात एसेंडन क्लबने खेळाडूंना इंजेक्शने दिली. खेळाडूंचे म्हणणे होते की क्लबने सांगितले म्हणून आम्ही घेतली. २०१६ च्या जानेवारीत आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ३४ आजी-माजी खेळाडूंना उत्तेजकांबद्दल दोषी ठरवले, ते २०१६ चा हंगाम खेळू शकले नाहीत, आणि जोब वॉटसनला २०१२ चे ब्राउनलो पदक परत करावे लागले. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, हा उत्तेजकविरोधी नियमांचा पाया आहे. परभणीतल्या दुकानातल्या डब्यात लेबलाबाहेरचे काय आहे हे ना दुकानदार सांगू शकतो ना आपण. अनोळखी चूर्ण, काढा, भस्म यांनाही तोच नियम लावावा. सर्दी-खोकल्याचे औषध लागले तरी आधी क्लबच्या डॉक्टरांना संदेश पाठवून विचारावे.

दुधनाकाठ (परभणी), पुन्हा

सर्वांचे मनापासून आभार. पावडरीचा विषय मी आजच संपवला. बालाघाट दादांचा उठवू नये हा सल्ला आईला पटणे अवघड आहे, पण मी प्रयत्न करीन. खाण्याचे मात्र कोडे अजून सुटलेले नाही. त्याचे वजन ७५ किलोच्या आसपास आहे. तिकडे तो अंडी आणि कोंबडी खातो. घरात ते शक्य नाही आणि आईला दुखवायचे नाही. शिवाय वेळ अमावास्येला शेतात गेल्यावर भज्जी, उंडे, आंबिल आणि खीर यांच्यासमोर त्याला बसवून खाऊ नको म्हणणे मलाच जमणार नाही.

प्रतिसाद: गोदाकाठ (नांदेड)

वेळ अमावास्येला त्याने मनसोक्त जेवावे. एका दिवसाच्या जेवणाने काही बिघडत नाही, आणि त्यानंतर शेताच्या बांधावरून तासभर फिरून आला तर तो दिवस विश्रांतीचा म्हणून वहीत लिहिता येतो. सहा आठवडे दोन्ही वेळा आग्रहाचे वाढप आणि चहाबरोबर फरसाण चालू राहिले तर मात्र अडचण होते.

एवढा सराव करणाऱ्या मुलाला वजनाच्या दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे याला दिवसाला १२० ग्रॅमच्या आसपास. माळकरी घरात ते सहज जमते. अर्धा लिटर दुधातून १६ ग्रॅम, मोठी वाटीभर दह्यातून ८, दीडशे ग्रॅम पनीरमधून २७, पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांमधून २६, मूठभर शेंगदाण्यांतून १३, मटकीच्या उसळीतून १२, आणि दिवसभरातल्या चार ज्वारीच्या भाकरींमधून २०. बेरीज करून पाहावी. आपल्या भागातला शेतकरी पोत्यांनी सोयाबीन विकतो आणि त्याच्या घरातल्या ताटात ते दिसत नाही, याचे मला नेहमीच नवल वाटते. आजींना वाढायला आवडते ना, मग त्यांच्या हाती हीच यादी द्यावी. नातवाने आग्रहाने मागून खाल्लेले त्यांना अधिक आवडेल. त्याला अंडी खायचीच असतील तर त्याने ती बाहेर खावीत आणि त्यावर घरात चर्चा करू नये.

कठीण धावण्याच्या आधी दोन-अडीच तासांत जड जेवण नको. एखादे केळे आणि थोडे गूळ-शेंगदाणे पुरतात. पाणी उकळलेले किंवा बाटलीबंद असावे. लग्नातली उघडी चटणी, बर्फ आणि कापून ठेवलेली फळे टाळावीत, कारण परदेशात वाढलेल्या मुलांची सुट्टी दुखापतीपेक्षा पोट बिघडल्यानेच जास्त वेळा वाया गेलेली मी पाहिली आहे. जुलाब झाले तर दोन दिवस धावणे पूर्ण बंद ठेवून मीठ-साखरेचे पाणी द्यावे, आणि ताप असेल तर डॉक्टरांकडे न्यावे. बुडालेला सराव नंतर दुप्पट करून भरून काढू नये.

एक गोष्ट अनायासे त्याच्या फायद्याची आहे. डिसेंबरात मेलबर्नचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असते. परभणीत पहाटेचे चार वाजलेले असतात तेव्हा त्याच्या शरीराच्या लेखी सकाळचे साडेनऊ झालेले असतात. पहिले काही दिवस तो आपोआप पहाटे जागा होईल आणि संध्याकाळी सातलाच पेंगू लागेल. त्याला जागवून नातेवाइकांकडे नेऊ नये. लवकर झोपू द्यावे आणि तीच घडी पुढे चालू ठेवण्यास सांगावे. परभणीची डिसेंबरची पहाट मात्र चांगलीच गार असते, तेव्हा उजाडल्यावरच बाहेर पडावे, अंगात जाड सदरा असावा, आणि वेगाची धाव घेण्याआधी पंधरा-वीस मिनिटे अंग तापवल्याशिवाय घाई करू नये. पहिल्या चार दिवसांत फक्त सावकाश धावणे ठेवावे.

परतल्यावर हेच उलटे होईल. तेथे सकाळी सातला उठायचे असेल तेव्हा शरीर मध्यरात्रीनंतरच्या दीड वाजल्यासारखे वागेल, आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला क्लबने २ किलोमीटरची चाचणी ठेवली असेल तर ती अर्धवट झोपेत द्यावी लागेल. चाचणीची तारीख भाच्याने स्वतः क्लबला विचारून घ्यावी आणि तिच्या आधी निदान पाच-सहा दिवस मेलबर्नला पोहोचता येईल अशी परतीची तिकिटे काढावीत, हे दाजींना आत्ताच कळवा. जानेवारीच्या शेवटी विमानांची गर्दी असते आणि नंतर तारीख बदलून घेणे महागात पडते.